रस्त्याखालची रंगपंचमी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

बाहेरगावचा पाहुणा धुळवडीला नाशिकच्या जुन्या गावात आला, की त्याची हमखास फजिती होते. ठेवणीतला जुना पांढरा सदरा घालून, खिशात गुलालाची पुडी घेऊन तो बिचारा बाहेर पडतो आणि बघतो तर रंगाचा पत्ता नाही. उलट संध्याकाळी ढोल-ताशे वाजू लागतात, आणि डोक्याला फेटा, हातात पूर्वजांचा टाक असे ‘वीर’ गोदावरीच्या दिशेनं नाचत निघालेले दिसतात. लहान लहान पोरांनाही वीर म्हणून सजवलेलं असतं. त्यांत दाजीबा वीर म्हणजे बाशिंगे वीर. अंगाला हळद लागलेली असताना मारल्या गेलेल्या नवरदेवाची कथा या वीरामागे सांगतात. बाशिंग बांधलेला हा वीर जुन्या नाशकातून फिरतो आणि बायाबापड्या दारात उभ्या राहून त्याचं दर्शन घेतात. पूर्वजांच्या स्मरणाच्या या दिवशी कुणी रंग उधळत नाही. नव्या वसाहतींमधून आता धुळवडीलाही रंग खेळतात, पण जुन्या गावाचा रंगाचा दिवस पुढं पाच दिवसांनी येतो. तो म्हणजे रंगपंचमी, फाल्गुन वद्य पंचमी.

आता गंमत पाहा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला संपतो. त्यामुळं आपल्या पंचांगात हा दिवस फाल्गुनात पडतो, आणि उत्तर हिंदुस्थानी पंचांगात तोच दिवस चैत्रातला असतो. एकाच दिवसाची दोन नावं. काही का असेना, वसंत आलेला असतो. पेठ, त्र्यंबकच्या वाटेवर पळस पेटलेला असतो, बाजारात निफाड-दिंडोरीची द्राक्षं आलेली असतात, दुपारचं ऊन चटका देऊ लागलेलं असतं आणि पहाटे मात्र अजून पातळ पांघरूण लागतं.

या दिवशी आम्ही चार मित्र भेटतो. एक निवृत्त मास्तर, एक पोस्टातून निवृत्त झालेला, एक तांबट, ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भांडी घडली, आणि चौथा मी. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. चौघंही एकाच गल्लीत वाढलो. आता कुणी सिडकोत राहतो, कुणी गंगापूर रस्त्याला, कुणी इंदिरानगरात. वर्षभर फोनवर ‘भेटू, भेटू’ चालतं, पण रंगपंचमीला भेटायचं म्हणजे भेटायचंच. त्या एका दिवसाबद्दल आज बोलणार आहे, कारण त्या दिवसाच्या पोटात आपल्या गावाची एक फार वेगळी गोष्ट दडलेली आहे. दडलेली म्हणजे अक्षरशः दडलेली, रस्त्याच्या खाली.

रहाड म्हणजे काय?

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी आधी हे सांगितलं पाहिजे. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधून काढलेला हौद. पेशवाईच्या काळापासून या रहाडी आहेत, असं परंपरा सांगते. प्रत्येकीचं माप वेगळं. खोली मात्र पुरुषभर उंचीहून जास्त, साधारण ८ ते १० फूट. वर्षभर ही रहाड कुणाला दिसत नाही. तिच्या तोंडावर जाड लाकडी ओंडके आणि फळ्या टाकलेल्या असतात, वर माती चोपलेली असते, आणि त्यावरून आपली वाहनं बिनदिक्कत जात असतात. भाजी घ्यायला चौकात आलेल्या माणसाला आपण एका हौदावर उभे आहोत याची कल्पनाही नसते.

रंगपंचमीच्या आधी माती उकरतात. ओंडके बाजूला काढतात. आत उतरून गाळ साफ करतात, भिंती धुतात. मग पाणी भरायचं, रंग तयार करून त्यात ओतायचा. पंचमीच्या दिवशी पूजा होते आणि मानकरी घराण्यातल्या माणसानं पहिली उडी मारली, की रहाड सगळ्यांना खुली. रात्रीपर्यंत उड्या चालतात. नंतर पाणी काढून पुन्हा ओंडके, पुन्हा माती, आणि रहाड परत वर्षभर झोपी जाते.

जुन्या गावात आणि पंचवटीत मिळून पूर्वी सोळा-अठरा रहाडी होत्या, असं आमच्या लहानपणी म्हातारी माणसं सांगायची. आज हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच उघडतात. त्यांत पंचवटीतली शनी चौकातली, गाडगे महाराज पुलाजवळची दिल्ली दरवाजाची आणि तिवंधा चौकातली, या सर्वांना ठाऊक असलेल्या. प्रत्येकीचा रंगही ठरलेला. शनी चौकाचा गुलाबी, दिल्ली दरवाजाचा केशरी, तिवंध्याचा पिवळा. रंगपंचमीच्या संध्याकाळी एखादा माणूस रस्त्यानं जाताना दिसला, तर त्याच्या सदऱ्यावरून तो कुठं बुडून आला हे जाणत्या नाशिककराला ओळखता येतं.

सकाळ

आमची सकाळ रविवार कारंजावर सुरू होते. आधी मिसळ. नाशिकला मिसळीवाचून कुठलंही शुभकार्य सुरू होत नाही. तांबटाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्याला तर्री वर्ज्य आहे. तो नुसती मटकी आणि दही घेतो आणि आमच्या ताटलीकडं बघत बसतो.

“एवढं वाईट तोंड करून बघू नकोस रे, पचायचं नाही आम्हाला,” मास्तर म्हणतात.

“खा, खा. माझ्या वाटणीचंही तुम्हीच खा,” तो म्हणतो. दरवर्षी हाच संवाद. त्यात बदल झाला तर आम्हालाच चुकल्यासारखं वाटेल.

मग अहिल्याबाई होळकर पुलावरून पलीकडं पंचवटीत. जुनी माणसं अजून त्याला व्हिक्टोरिया पूल म्हणतात. पुलावरून उजवीकडं बघितलं की रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, दुतोंड्या मारुती असं सगळं एका नजरेत येतं. दुतोंड्या मारुती म्हणजे आमचं पूर मोजायचं माप. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी पावसाळ्यात गावभर बातमी फिरते. मार्चमध्ये मात्र तो कोरडा, ऊन खात उभा असतो.

शनी चौकाकडं जाताना वाटेत काळाराम मंदिर लागतं. मास्तर तिथं दरवर्षी थांबतात. सरदार रंगराव ओढेकरांनी हे देऊळ बांधलं, १७९२ साली ते पूर्ण झालं. पण मास्तर थांबतात ते दुसऱ्या एका तारखेसाठी. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या देवळाच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटानं चालवला. दार उघडलं नाही. लढा सुमारे पाच वर्षं चालला.

एका वर्षी मी जरा रंगात येऊन म्हणत होतो, की रहाड बघा, कशी सगळ्यांची, गरीब-श्रीमंत सगळे एका पाण्यात. मास्तरांनी मला तिथंच अडवलं. म्हणाले, “सगळे म्हणजे कोण, ते सांग. १९३० साली ज्यांना या देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांना चार पावलांवरच्या हौदात उडी मारू दिली असेल असं वाटतं तुला? १९२७ साली महाडला तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाणी सगळ्यांचं असतं, हे आपल्याकडं फार उशिरा ठरलंय.”

मी गप्प झालो, कारण ते खरं होतं. परंपरा जुनी आहे म्हणून ती आपोआप सगळ्यांची होत नाही. ती सगळ्यांची करावी लागते. आज रहाडीच्या काठावर उभ्या असलेल्या पोराला त्याचं आडनाव कुणी विचारत नाही, ही गोष्ट पेशव्यांनी दिलेली नाही. ती नंतरच्या माणसांनी मिळवली आहे, आणि ती सांभाळली तरच राहणार आहे.

रंग कशाचा?

शनी चौकात आम्ही सकाळी जातो ते रंगाची तयारी बघायला. पूर्वी हा रंग फुलांपासून करायचे, मोठमोठ्या कढयांत उकळून. आज सगळ्या रहाडींत निव्वळ फुलांचाच रंग असतो असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण फुलांचा रंग कसा निघतो, हे रसायनशास्त्राचा माणूस म्हणून जरूर सांगतो, कारण घरी करण्यासारखी ती गोष्ट आहे.

पळसाची फुलं घ्या. ताजी किंवा वाळवलेली, कशीही चालतात. या पाकळ्यांत ब्युटीन आणि त्याच्या जातीची काही रंगद्रव्यं असतात. आपण हळदीचा पिवळा रंग बघतो, त्याच्यासारखीच ही वनस्पतीनं स्वतःसाठी तयार केलेली रसायनं. फुलं रात्रभर पाण्यात भिजवली किंवा उकळली, की रंग पाण्यात उतरतो. तो पिवळसर-नारिंगी असतो. त्यात चुन्याची निवळी थोडी घातली, की पाणी अल्कधर्मी होतं आणि रंग गडद केशरीकडं झुकतो. हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखी लाल होते, ते आपल्या आयाबायांना ठाऊक होतंच. प्रकार तोच. मात्र चुना बेतानं हवा. निवळी जास्त झाली तर कातडीला चरचरते.

बाजारातल्या सगळ्याच रंगांबद्दल मी घाबरवत नाही. पण स्वस्त रंगांत शिशाची, क्रोमियमची संयुगं आढळलेली आहेत, आणि ती डोळ्यांत, पोटात जाणं वाईट. फुलांच्या रंगाचा फायदा असा, की तो दोन-तीन अंघोळींत निघून जातो.

रहाडीत बुडून आलं की उन्हाळा बाधत नाही, कातडीचे विकार होत नाहीत, असंही लोक श्रद्धेनं सांगतात. मी त्याला औषध म्हणणार नाही. शेकडो माणसं ज्या पाण्यात उतरतात, त्यात अंगावर जखम असलेल्यानं, खरूज-नायटा असलेल्यानं उतरू नये, स्वतःसाठीही आणि दुसऱ्यासाठीही. डोळे आणि तोंड घट्ट मिटावं. वर आल्यावर घरी जाऊन स्वच्छ पाण्यानं अंघोळ करावी. एवढं पाळलं तर मजा मजाच राहते.

धप्पा

दुपारी जेवण मास्तरांच्या बहिणीकडं. पुरणपोळी होळीला झालेली असते, म्हणून पंचमीला आमच्यासाठी साधा वरणभात आणि द्राक्षांची कोशिंबीर. ऊन उतरलं की आम्ही गाडगे महाराज पुलावरून परत जुन्या गावात येतो, दिल्ली दरवाजाला. तिथं कानात बोटं घालावी असा वाद्यांचा आवाज, आणि त्यावरही ऐकू येतो तो एक आवाज, ‘धप्प!’

रहाडीतल्या उडीला ‘धप्पा’ म्हणतात. ‘उडी मारली’ असं नाशिककर म्हणत नाही, ‘धप्पा मारला’ म्हणतो. यातली खुबी समजून घ्या. पोहायच्या तलावात चांगली उडी कुठली? जिचं पाणी कमीत कमी उडतं ती. रहाडीत बरोबर उलटं. तुमच्या उडीनं काठावरचे किती लोक भिजले, यावर धप्प्याची किंमत ठरते. तुम्ही एकटे बुडून आलात आणि काठ कोरडा राहिला, तर लोक हसतात.

याचं शास्त्रही सोपं आहे. ६५ किलोचा माणूस पाण्यात पूर्ण बुडाला, की तो साधारण ६५ लिटर पाणी बाजूला सारतो. सरळ, सुईसारखा शिरला तर ते पाणी हळूच बाजूला होतं. पण अंग आखडून, पसरट होऊन आपटला, तर तेवढंच पाणी एका क्षणात हटावं लागतं. त्याला बाजूला जागा नसते, कारण चारही बाजूंना दगडी भिंत. मग ते वर उसळतं आणि काठावरच्यांच्या अंगावर येतं. रहाड अरुंद आणि खोल असण्यामागं ही गंमत आहे. पसरट तलावात असा धप्पा होणार नाही.

धोकाही त्यातच आहे. भिंत जवळ असते. म्हणून डोकं खाली करून सूर कधीच मारायचा नाही, पायच खाली हवेत. आधीचा माणूस बाहेर आल्याशिवाय दुसऱ्यानं उडी घ्यायची नाही. काठावर दणकट माणसं उभी असतात, ती हात देऊन एकेकाला वर खेचतात. पूर्वी हे काम तालमीतले पैलवान करायचे. आमच्या वेळी एक पैलवान होते, ते आम्हाला मानेच्या मागं सदऱ्याला धरून मांजराच्या पिल्लासारखं उचलून बाहेर ठेवायचे आणि म्हणायचे, “चल, पळ. आईला सांग, जिवंत आहेस.”

मी शेवटचा धप्पा मारला त्याला बरीच वर्षं झाली. तांबटाला डॉक्टरांनी मनाई केली, तेव्हा आम्ही तिघांनीही थांबायचं ठरवलं. त्याला एकट्याला काठावर बसवून आम्ही उड्या मारायच्या, हे काही जमलं नसतं. आता आम्ही चौघं काठावर उभे राहून भिजतो. मास्तरांची बारा वर्षांची नात बरोबर असते. आमच्या लहानपणी मुली हे सगळं माडीच्या खिडकीतून बघायच्या. ही काठावर असते, सगळ्यांच्या पुढं.

“आजोबा, मी कधी मारू धप्पा?” तिनं गेल्या खेपेला विचारलं.

मास्तर काळाराम मंदिरासमोर मला जे बोलले होते, ते मी त्यांना आठवून दिलं. ते हसले. म्हणाले, “आधी पोहायला शीक. मग मीच तुझ्या मागं उभा राहीन.” या उन्हाळ्यात ती तलावावर जायला लागली आहे.

पाण्याचा हिशेब

रहाडीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पाण्याची नासाडी. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं होतं, हे आपण विसरलेलो नाही. नाशिक जिल्ह्यातही येवला, नांदगाव, चांदवडच्या वाड्या-वस्त्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

तेव्हा हिशेबच करू. समजा, एक रहाड १२ फूट लांब, १२ फूट रुंद आणि त्यात ८ फूट पाणी. म्हणजे १,१५२ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं. एकूण झालं साडेबत्तीस हजार लिटरच्या आसपास, म्हणजे मोठे तीन-सव्वातीन टँकर. आकडा मोठा वाटतो. पण त्या पाण्यात दिवसभरात हजार माणसं बुडाली असं धरा, तर माणशी ३२ लिटर येतं. दोन बादल्या. घरी रंग खेळलेला माणूस पक्का रंग काढायला न्हाणीघरात याहून जास्त पाणी ओततो, ते कुणी मोजत नाही. आणि फवारे लावून, गाण्यांवर पावसात नाचल्यासारखं नाचायचं, त्या पाण्याला तर हिशेबच नाही.

म्हणून मी पाणी उधळा असं सांगत नाही. दुष्काळाच्या वर्षी रहाड न उघडणं हेच शहाणपण. सांगायचं एवढंच, की ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी काटकसर तिच्यातच घालून ठेवली होती. एक हौद, एकदा भरायचा, आणि सगळ्या पेठेनं त्यातच खेळायचं. बुडणाऱ्याच्या अंगावरून उसळलेलं पाणी काठावरच्यांना भिजवतं. एकाच्या पाण्यात दहा जणांची रंगपंचमी. एकट्यानं खेळताच येणार नाही असा हा खेळ आहे. पिचकारी प्रत्येकाची वेगळी असू शकते, रहाड स्वतःच्या घरात असू शकत नाही.

बुजलेली रहाड

संध्याकाळी तिवंध्याचा पिवळा अंगावर घेऊन आम्ही आमच्या जुन्या गल्लीत येतो. गल्लीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ज्याबद्दल बोलणार आहे त्याबाबत तिथल्या रहिवाशांचं अजून एकमत झालेलं नाही. या गल्लीतही एक रहाड आहे. आमच्या आजोबांच्या वेळी ती उघडायची. मग एका वर्षी उघडली नाही, पुढच्या वर्षी कुणी विषय काढला नाही. रस्त्यावर डांबर आलं. झालं. रहाड बुजवण्याचा निर्णय कुणीच घेतला नव्हता. नुसतं एका वर्षी उघडायचं राहून गेलं.

आम्ही चौघांनीही ती उघडी पाहिलेली नाही. पण तांबटाच्या आजोबांनी त्याला ती कुठं आहे हे पावलांनी मोजून दाखवलं होतं. वाड्याच्या ओट्याच्या उजव्या कोपऱ्यापासून समोर चौदा पावलं, मग पिंपळाच्या पाराच्या रोखानं सहा. तो लहान असल्यापासून दरवर्षी पंचमीला ती पावलं मोजायचा, आणि आम्ही त्याच्या मागं.

मागच्या वेळी आम्ही गेलो, तर ओटा नव्हता. वाडा पडून तिथं चार मजली इमारत उभी राहिली आहे. इमारतीची भिंत ओट्याच्या रेषेवर आहे की आत सरकली आहे, हे कुणालाच नक्की सांगता येईना. तांबट रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. एक मोटारसायकलवाला भोंगा वाजवून निघून गेला.

“चौदा खरं, पण कुठून?” तो म्हणाला.

मंडळी, त्या प्रश्नानं माझ्या पोटात खड्डा पडला. रहाड कुठं गेलेली नव्हती. ती तिथंच होती, आमच्या पायांखाली, दगडी भिंतींसकट. हरवलं होतं ते माप सुरू करायचं ठिकाण. मी विचार केला, हा माणूस उद्या नसला तर? आमच्या चौघांनंतर त्या गल्लीत रहाड आहे हे ठाऊक असलेलं कुणी राहणार नाही. मग रस्त्याचं काँक्रीट करताना ती लागली, तर एखादा पोकळ खड्डा समजून मुरूम टाकून भरून टाकतील. त्यात त्या मजुराचा काय दोष?

पोस्टातला मित्र अशा वेळी कामाचा. तीस वर्षं पत्ते शोधण्यात गेलेली त्याची. तो म्हणाला, “पाराला काही झालेलं नाही ना? मग पारापासून मोजू. आणि समोरच्या मारुतीच्या देवळाची पायरी जुनीच आहे. दोन खुणा मिळाल्या की तिसरी जागा सापडते.” खिशात कागद नव्हता. त्याच्याकडं कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही नकाशा काढला. पारापासून इतकी पावलं, पायरीपासून इतकी. शिवाय तांबटाच्या आठवणीतली ओट्याची जागा तुटक रेषेनं दाखवली. मास्तरांच्या नातीनं सगळी पावलं पुन्हा मोजली, कारण तिच्या मते आमची पावलं आता लहान झाली होती. मग तिनंच टेप आणून अंतर मीटरमध्ये लिहिलं.

जुन्या नाशकातल्या काही बुजलेल्या रहाडी अलीकडच्या वर्षांत पुन्हा उघडल्या गेल्या, हे आपण पाहिलं आहे. त्या उघडू शकल्या, कारण त्या कुठं आहेत हे कुणाला तरी ठाऊक होतं. आमच्या गल्लीतली उघडेल की नाही, सांगता येत नाही. काही रहिवाशांना ती हवी आहे. काहींना भीती वाटते, की आता रस्ता अरुंद, खालून गटारीच्या आणि पाण्याच्या वाहिन्या गेलेल्या, गर्दी झाली तर कसं. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पण उघडायची की नाही हे ठरवायला आधी ती कुठं आहे हे तरी माहीत हवं. नाहीतर ठरवायचा हक्कही हातातून जातो.

हे फक्त रहाडीबद्दल नाही. तुमच्या गावात बुजवलेली बारव असेल, कुणाच्या परसातली आटलेली विहीर असेल, जुना पाण्याचा पाट असेल. त्याची जागा सांगणारं एखादं ऐंशी वर्षांचं माणूस आज गावात नक्की असेल. या सुट्टीत चार मित्र मिळून त्याच्याकडं जा. त्याला हाताला धरून बाहेर आणा, जागा दाखवायला सांगा आणि लिहून घ्या. अंतर लिहा, आणि मोजायला कुठून सुरुवात केली तेही लिहा.

आमच्या नकाशाच्या आता चार प्रती आहेत, प्रत्येकाकडं एक. पत्रिकेवरचा मूळ नकाशा मास्तरांच्या नातीकडं आहे. तिनं तो वहीत ठेवलाय. त्याच्या एका कोपऱ्यावर पिवळ्या रंगाचा ओघळ आला आहे, तिवंध्याचा.